खडपात अडकलेलं जाळं काढताना: कोकण किनाऱ्यावर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

मालवण ते देवगड या पट्ट्यात आम्ही काही जण दरवर्षी किनाऱ्यावर अडकलेली आणि वाहून आलेली जाळी काढतो. शाळेतले दोघे शिक्षक, एक होडीवाला, दोन बागायतदार आणि सुट्टीत गावी आलेली चार-पाच पोरं, एवढीच आमची फौज. सुरुवात केली तेव्हा हे काम कसं करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. किनारा स्वच्छतेच्या मोहिमा सगळीकडे होतात. पण बाटल्या-पिशव्या उचलण्याचा अनुभव जाळ्याच्या कामी फारसा येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

पूर्वी जाळी सुताची असायची. झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती टिकवायची, तरी हरवलेलं जाळं काही महिन्यांत कुजून जायचं. नायलॉन आणि तंगूस (त्याचाच एकपदरी पारदर्शक धागा) आल्यावर जाळं हलकं झालं, मजबूत झालं, मासळीला दिसेनासं झालं. कोळ्यासाठी हे सगळे गुणच. तेच जाळं हरवलं की त्याचे हेच गुण समुद्रावर उलटतात. त्यात मासा अडकतो, मेलेल्या माशाला खायला कुर्ल्या येतात, त्याही अडकतात, आणि पुढे कधी कासव. वजनाने जाळं बसतं, शेवाळ धरतं, मग प्रवाळावर आणि कालवांवर चादरीसारखं पडून राहतं. मोठं उधाण आलं की पुन्हा उचललं जातं आणि दुसरीकडे जाऊन अडकतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आमच्या चुकांतून शिकलेलं सगळं क्रमाने सांगतो.

१. जाळं कुणाचं, ते आधी विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. आम्हीही वगळली होती.

पहिल्या वर्षी डिसेंबरात, सुकतीला (ओहोटीला), खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, कांडाळीचं (पाण्यात पडद्यासारखं उभं लावायचं) लांबलचक जाळं पसरलेलं दिसलं. आम्ही सुऱ्या काढल्या आणि दोन तासांत त्याचे तुकडे करून गोण्या भरल्या. फोटो काढले, गावभर पाठवले. संध्याकाळी एक वयस्कर गाबित (इथल्या मच्छीमार समाजातले) काका घरी आले. अंगणातल्या गोण्यांकडे बघत म्हणाले, "कोणी कापल्यान ह्या?" आम्ही म्हटलं, काका, बेवारशी होतं. "बेवारशी खंयचा? तीन दीस सोधतंय मी."

रात्री ट्रॉलर वरून गेला, जाळं तुटलं, प्रवाहाबरोबर खडपाला लागलं. फाटका भाग काढून टाकून बाकीचं त्यांनी पुन्हा जोडून घेतलं असतं. बोये (तरंगवायला बांधलेले) चांगले होते, शिसं (बुडवायला लावलेलं वजन) चांगलं होतं, वरचा दोर तर नवाच होता. आम्ही वर्गणी काढून भरपाई दिली. पण त्यांचा हंगामातला जो आठवडा गेला, तो कसा भरून देणार? तेव्हापासून नियम केला: विचारल्याशिवाय सुरी काढायची नाही.

विचारायचं कसं? जाळ्याचा, बोयांच्या रंगाचा, दोराच्या गाठींचा आणि आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) जवळून फोटो घ्या. तो गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेत दाखवा, संध्याकाळी बंदरावर तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) दाखवा. जाळं भरण्याची आणि बोया बांधण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. चार माणसांत कुणीतरी "हां, ह्या अमक्याचा" म्हणतोच. मालक सापडला तर त्याला बरोबर घेऊन जाळं सोडवा. कापाकापी कमी होते आणि तो सगळ्यात कुशल हात असतो. कुणाचंच नसेल तर संस्थेला तसं सांगून आठ दिवस थांबतो. जिवंत प्राणी अडकलेला असेल तेव्हाच हा नियम मोडायचा.

चालू जाळं ओळखता यायला हवं. पाण्यात बोया, त्यावर काठीला फडकं किंवा झेंडा, दोर ताठ, आत ताजी मासळी: हे मांडलेलं जाळं आहे, हात लावू नका. रायगड-पालघरकडे डोलीची, म्हणजे पिशवीसारखी, जाळी खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठरलेल्या जागी लावलेली असतात. ओहोटीला ती लोंबकळताना दिसली तरी ती टाकलेली नसतात. उलट दोन्ही टोकं फाटलेली, रंग उडालेला, आसांवर शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटलेले असतील तर ते बहुधा जुनं हरवलेलं आहे.

आणखी एक, बोलण्याबद्दल. "तुम्ही लोक जाळी समुद्रात टाकता" असं वाक्य घेऊन बंदरावर गेलात तर काम तिथेच संपलं. हजारो रुपयांचं जाळं कुणी हौसेने टाकत नाही. ट्रॉलरखाली जातं, खडपात अडकतं, वादळात तुटतं. "टाकलेलं" नव्हे, "हरवलेलं" म्हणा. जाळं शिवताना उरलेले तुकडे पाण्यात जातात, हेही खरं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

२. जाळ्याची जात ओळखा

तंगूस म्हणजे एकपदरी, पारदर्शक नायलॉन. कांडाळीत हेच जास्त. पाण्यापेक्षा जड, त्यामुळे बुडतं आणि तळाशी अडकतं. बोटाला गुंडाळलं गेलं तर कापतं.

ट्रॉलरचं आणि डोलीचं जाळं जाड पीळदार धाग्याचं, बहुतेक पॉलिथिनचं. हिरवं, निळं किंवा नारिंगी. हे तरंगतं, म्हणूनच पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर दुरून वाहत येऊन पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) पडतं. अशा जाळ्याचा मालक तुमच्या गावातला असेलच असं नाही. दोरही बहुधा तरंगणारेच असतात.

पर्ससीनचं (मासळीच्या थव्याला गोल घेरायचं) जाळं बारीक आसाचं आणि फार मोठं. त्याचा छोटा तुकडाही ओला असेल तर चार माणसांना हलत नाही.

आस मोजायची सवय लावा: जाळं ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. कुठल्या मासेमारीतलं जाळं जास्त येतं, हे पुढे याच आकड्यांवरून समजतं.

३. दिवस आणि वेळ

पुळणीवरची जाळी काढायला सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पावसाळ्याने जे आणून टाकलं ते वाळूत गाडलं जाण्याआधी हाती लागतं. खडपांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, समुद्र शांत असतो आणि पाणी निवळतं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात समुद्राकडे जाऊच नका. त्या दिवसांत मच्छीमार घरी जाळी शिवत असतात, त्यांच्या पडवीत बसा. वर्षभराची माहिती तिथे मिळते.

खडपांचं काम उधाणाच्या तिथींना करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी, तशी ओहोटीही लांबवर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेलं खडप उघडं पडतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं उतरत नाही. गेलात तर हात हलवत परत याल. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत ती सकाळी साडेसहा ते आठच्या सुमारास पूर्ण होते. उजेडही असतो, ऊनही नसतं. आमच्या सगळ्या मोहिमा याच तीन दिवसांत असतात. तरी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा आणि बंदरावरच्या माणसाला विचारून खात्री करा.

ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी कामाला लागा. पाणी फिरलं की खालचं काम अर्धवट असलं तरी सोडा आणि वर सरका.

४. परवानगी आणि कागद

गावच्या पुळणीवर दहा माणसांनी जाळी उचलायला फार कागद लागत नाहीत. पण पुढच्या गोष्टी हाताशी ठेवा:

- मच्छीमार संस्थेला दिलेलं पत्र आणि त्याची पोच
- ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला दिलेलं पत्र. त्यात गोण्या कुठे ठेवणार आणि कधी हलवणार हे लिहा
- जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयाला माहितीचं पत्र
- होडी वापरणार असाल तर तिची नोंदणी, परवाना, विम्याचा कागद आणि होडीतल्या माणसांची नावं
- सगळ्यांची यादी: नाव, रक्तगट, घरचा नंबर, पोहता येतं की नाही
- सहभागी अठरा वर्षांखालचे असतील तर पालकांचं संमतिपत्र

काही जागी मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं; सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर त्यात येतो. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. इथे वन विभागाची लेखी परवानगी लागते. जाळं काढताना प्रवाळ तुटलं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. प्रवाळाला त्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. कांदळवनात कामाआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला. किल्ल्याच्या तटाला लागून काम असेल तर पुरातत्त्व खात्याशी.

आमचा एक अर्ज एका कार्यालयात दोन महिने पडून होता, कारण आम्ही "समुद्र स्वच्छता मोहीम" असं मोघम लिहिलं होतं. दुसऱ्यांदा अर्जात जागेचा नकाशा, तारीख, माणसांची संख्या, हत्यारांची यादी आणि जाळं कुठे नेणार ते लिहिलं, तेव्हा आठवड्यात उत्तर आलं.

५. सामान

हातमोजे, ओलं तंगूस धरता येईल असे रबरी लेपाचे. साधे सुती मोजे दहा मिनिटांत फाटतात. बोथट टोकाची छोटी सुरी, जाड कात्री. दोर कापायला दाते असलेली सुरी. एक पहार, दोन फावडी. खताच्या रिकाम्या गोण्या. मासळीबाजारातला टांगायचा काटा. मोजपट्टी, वही, पेन्सिल (पेनाची शाई ओलाव्याने पसरते). शिट्टी. पिण्याचं पाणी भरपूर. मलमपट्टीची पेटी, आणि थर्मासमध्ये गरम पाणी; ते कशाला, ते पुढे येईल.

पायात जाड तळव्याचे बंद बूट. चपला घालून खडपावर आलेल्या माणसाला आम्ही परत पाठवतो, मग तो कुणीही असो. कालवांची धार पात्यासारखी असते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं सगळं घरी. कपड्यांना लोंबते बंद नकोत. तंगूस बटणालासुद्धा अडकतं, आणि लाट येत असताना आपण जाळ्याला बांधले गेलो आहोत हे लक्षात येणं फार वाईट.

६. वाळूतलं आणि खडपातलं जाळं

वाळूतून जाळ्याचं टोक वर आलेलं दिसतं. चार जण पकडून ओढू लागतात. ते येत नाही, येणारही नाही. आसांत भरलेली ओली वाळू त्याला धरून ठेवते. अशा ओढाओढीत आमच्यातल्या एकाची कंबर महिनाभर धरली होती. आधी वरचा दोर शोधा. त्याच्या कडेने फावड्याने चर खणा, एक बाजू मोकळी करा, दोन-तीन मीटरचा भाग सुटला की कापून बाजूला ठेवा, मग पुढे. फार खोल असेल तर एक भरती जाऊ द्या. लाटा बरीच वाळू काढून नेतात.

जेसीबी बोलावण्याचा मोह होतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात तरी नकोच. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा अनेक पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं याच दिवसांत रात्री येऊन अंडी घालतात, तीही भरतीच्या रेषेच्या वर, नेमकी जिथे यंत्र फिरतं तिथे. कासवांची राखण करणारा गावकरी जवळपास प्रत्येक अशा पुळणीवर असतो; हाताने खणतानाही त्याला आधी विचारा.

खडपावर ओढणं पूर्ण बंद. जाळं ज्या कंगोऱ्याला अडकलं आहे तिथून वर उचलून सोडवा. सुटत नसेल तर तेवढ्या चार आसा कापा. कालवं, शिणाणे (खडकाला चिकटणारे शिंपले), प्रवाळ यांनी जाळं स्वतःत घेतलं असेल तर मोकळा भाग कापून घ्या आणि चिकटलेला तसाच राहू द्या. नव्या माणसाला हे पटत नाही, सगळं काढल्याशिवाय समाधान होत नाही. पण दहा वर्षं वाढलेली वसाहत एका हिसक्यात खरवडून काढण्यात कसलं आलंय समुद्राचं भलं?

सगळ्यात खालच्या, पाण्याजवळच्या भागापासून सुरुवात करून वर येत जा. एका माणसाने जाळ्याला हात लावायचा नाही. त्याने फक्त समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं आणि मोठी लाट दिसली की शिट्टी मारायची. हे काम सगळ्यात जबाबदार माणसाला द्या.

गोणीत भरण्याआधी प्रत्येक तुकडा झटका आणि बघा. जिवंत कुर्ल्या, शंखातले खेकडे, छोटे मासे पुन्हा डबक्यात सोडा. आत हात घालण्याआधी काठीने उलटा. शिंगाळ्याचा काटा, पाकटाची नांगी आणि समुद्रसाप, या तिघांची भीती बाळगावी अशीच आहे. पाकटाने किंवा शिंगाळ्याने मारलं तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात धरायची, वेदना उतरतात, थर्मास त्यासाठी. मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

समुद्रसाप चावलेला बरेचदा कळतच नाही, दुखत नाही, काही वेळाने अंग आखडायला लागतं. भारतात मिळणारं सर्पविषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनतं. समुद्रसाप त्यात नाही. म्हणून चावल्याचा नुसता संशय आला तरी माणसाला हालचाल न करू देता थेट श्वासोच्छ्वासाचं यंत्र असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. मालवण परिसरात जाळ्यांत समुद्रसाप नेहमी सापडतात. मेलेला दिसला तरी हाताने उचलू नका.

७. कांदळवनात

मुळांत गुंतलेलं जाळं काढायला धीर लागतो. फांदी कापू नका, मुळाला धक्का नको. जाळंच छोट्या तुकड्यांत कापा. चिखलात फळी टाकून तिच्यावर उभे राहा. दोन तासांत एक गोणी भरली तरी भरपूर.

८. तरंगणारं जाळं आणि होडी

खोल पाण्यात तरंगतं जाळं दिसलं तर ते काढणं मच्छीमारांचं काम, आपलं नव्हे. आपण जागा सांगायची, बोया बांधून खूण करायची, आणि होडीवाल्याच्या डिझेलचा आणि दिवसाच्या मजुरीचा खर्च उचलायचा. पंख्यात जाळं गुंतलं तर होडी लाटांच्या हवाली होते, म्हणून जवळ जाताना इंजिन बंद करून वल्ह्याने किंवा गळाच्या काठीने जाळं ओढून घेतात. एका बाजूने सगळे वाकले तर होडी कलते. तांडेल सांगेल तिथेच बसा. सगळ्यांना जीवरक्षक जाकीट, अंगात घातलेलं.

मासेमारीच्या होडीतून दहा-पंधरा पाहुणे नेऊ नका. तिला प्रवासी वाहतुकीचा परवाना नसतो, अपघात झाला तर विमाही मिळत नाही आणि होडीवाला अडकतो. निघण्याआधी बंदरावरच्या सुरक्षारक्षकाकडे नोंद करा. समुद्रात कुणाचा जीव अडचणीत आला तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये आधीच असू द्या.

९. पाण्याखालचं जाळं

इथे स्पष्ट बोलतो. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना मार्गदर्शकाचा हात धरून वीस मिनिटं पाण्याखाली नेतात, मासे दाखवतात, फोटो देतात. तेवढ्याने कुणी पाणबुडा होत नाही. दर हंगामात "मी स्कूबा केलंय" म्हणत कुणीतरी येतो, आणि आम्ही त्याला गोण्या भरायला किनाऱ्यावर ठेवतो. श्वास रोखून मुखवटा लावून बुडी मारत जाळं कापणं तर त्याहून धोक्याचं. अडकलात तर सुटायला तुमच्याकडे एका श्वासाएवढाच वेळ असतो.

प्रमाणपत्र असलेला, शंभरेक बुड्या मारलेला पाणबुडा असेल तरच हे काम करावं, तेही आधी कुणा जाणत्याबरोबर शिकून. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुडीचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, तिथून रीतसर सुरुवात करता येते. बाकी मोजकं सांगतो:

पहिली बुडी फक्त बघायला. जाळं किती, कुठे अडकलंय, आत काय जिवंत आहे, प्रवाह कुठून आहे. हत्यार बाहेर काढायचं नाही.

जोडीशिवाय उतरायचं नाही, आणि जोडीतले दोघेही एकाच वेळी जाळ्याच्या जवळ नकोत. एक कापतो, दुसरा बघतो. प्रत्येकाकडे दोन कापायची हत्यारं, दोन्ही हातांना पोचतील अशी. जाळ्याच्या खाली किंवा आत कधीही शिरू नका. हेलकाव्याबरोबर जाळं तुमच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला राहा.

जाळं वर आणायला हवा भरायच्या पिशव्या वापरतात. पन्नास लिटरची पिशवी पाण्यात पन्नास किलोच्या आसपास उचलते. १० मीटर खोलीवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, त्यामुळे पिशवी वर जाताना वेग घेते. ती पाणबुड्याच्या अंगाला किंवा सामानाला कधीही अडकवायची नाही, आणि ती सुटते तेव्हा वरची होडी बाजूला हवी. छोटे तुकडे, छोटी पिशवी. अख्खं जाळं एकदम उचलायला गेलात तर ते अर्ध्यात सुटून नव्या खडपावर जाऊन बसतं.

पाणी गढूळ असेल, लांब केलेल्या हाताची बोटं धड दिसत नसतील, तर परत या. जाळं उद्याही तिथेच असेल.

१०. जिवंत कासव सापडलं तर

काम थांबवा. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि जागा नीट सांगा. कासवाला उलटं करू नका, वल्ह्यासारख्या पायांना धरून ओढू नका. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, डोळे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा. जाळं त्याच्या अंगापासून दूर, मोकळ्या बाजूने कापत या. मांसात रुतलेला धागा हिसडू नका. तो पशुवैद्याने काढायचा, कारण ओढल्याने जखम फाटते.

जखमी कासव समुद्रात परत ढकलणं ही सगळ्यात सरसकट होणारी चूक. पाय सुजलेला असेल किंवा मान टाकली असेल तर ते पाण्यात बुडून मरतं. हालचाल नसलेलं कासव मेलेलंच असतं असंही नाही. जाळ्यात गुदमरलेलं कासव कित्येक तास निपचित पडून मग श्वास घेऊ लागतं. त्याचा मागचा भाग वीतभर उंच राहील असं ठेवा आणि वाट बघा. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. कुठे न्यायचं ते वन विभाग ठरवेल. फोटो काढायचा तर नोंदीसाठी एक-दोन, गर्दी नको.

मच्छीमार मित्रांना एक माहिती जरूर द्या. चालू जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य सरकार जास्तीत जास्त २५,००० रुपये देतं. ही योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. प्राणी सोडतानाचे फोटो किंवा चित्रफीत लागते, शिवाय होडीची नोंदणी, परवाना आणि बँक खात्याचा कागद. बंदरावर अजूनही अनेकांना हे माहीत नाही. अर्ज भरायला बसून मदत केलीत तर त्या घराशी तुमचं नातं कायमचं जुळतं.

११. गोण्या भरल्या, पुढे काय?

ही पायरी मोहिमेच्या आधी ठरवायची आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही ४० गोण्या काढल्या आणि एका ओळखीच्या बागेत ठेवल्या. घेणारा मिळेना. पाऊस आला, गोण्या कुजल्या, त्यात उंदीर झाले, उंदरांमागे साप आले, आणि बागायतदाराने हात जोडले. काढलेलं जाळं पुन्हा ओढ्यातून समुद्रात जाण्याच्या बेतात होतं.

त्याच दिवशी जाळं गोड्या पाण्याने धुवा. मिठाचं, वाळूचं, कुजलेल्या मासळीचं जाळं कुणी विकत घेत नाही. वाळवा. मग वेगळं करा: तंगूस एकीकडे, जाड पीळदार जाळं दुसरीकडे, दोर तिसरीकडे, बोये आणि शिसं वेगळे. कुठलं काय हे कळत नसेल तर स्वच्छ, कोरडा छोटा तुकडा ग्लासभर पाण्यात दाबून सोडा. नायलॉन बुडतं, पॉलिथिन आणि दोराचं प्लॅस्टिक वर येतं. दोन्ही पुन्हा वितळवून वापरता येतात, पण मिसळलेले असतील तर नाही. म्हणून वेगळं केलेल्या मालालाच भाव येतो आणि मिसळलेला ढीग पडून राहतो.

भंगारवाल्याकडे आधीच नमुना घेऊन जा. किती वजन झाल्यावर गाडी पाठवतो, दोर घेतो का, ते विचारा. एकट्या गावाचा माल थोडा भरतो. शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एका संस्थेच्या गोदामात साठवलं की गाडी येते.

चांगले बोये, शिसं आणि धड दोर मच्छीमार संस्थेला परत द्या. शिसं विषारी आहे. मुलांच्या हातात देऊ नका, हात साबणाने धुवा. जाड जाळ्याचे धड तुकडे बागायतदारांना आंबे काढायच्या घळीला, पेंढा बांधायला, वेलांच्या मांडवाला चालतात. तंगूस मात्र कुंपणाला किंवा भाजीच्या वाफ्यावर कधीही लावू नका. समुद्रात जे माशांचं होतं, ते परसात धामणीचं आणि पाखरांचं होतं. आम्ही एका कुंपणातून तीन मेलेल्या धामणी काढल्या आहेत.

पेटवू नका. धूर विषारी असतो आणि वितळलेला गोळा वाळूतच राहतो. पुरूही नका, पुढच्या उधाणाला तो वर येतो.

जाळं शिवताना उरणाऱ्या तुकड्यांचं काम सगळ्यात सोपं आहे. जिथे जाळी शिवतात त्या प्रत्येक मांडवात एक गोणी टांगा आणि महिन्यातून एकदा आपण होऊन रिकामी करा. आमच्याकडे सहा मांडवांत अशा गोण्या आहेत. त्या भरतात. तुम्ही वेळेवर रिकाम्या केल्या नाहीत तर मात्र भरायच्या बंद होतात.

१२. वही

प्रत्येक जाळ्याची नोंद ठेवा: तारीख, तिथी, जागा (फोनवरचे अक्षांश-रेखांश), कुठली जात, आस किती, लांबी किती वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर), सुकं वजन, आत काय सापडलं, जिवंत किती, मेलेलं किती, कुठे दिलं. ओल्या जाळ्याचं वजन लिहू नका. अर्धं पाणी आणि वाळूच असते, आकडा फुगतो आणि जाणता माणूस तुमच्या पुढच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

आम्ही वहीची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवली. तिच्या मागच्या पानांवर मच्छीमारांनीच दुसरी यादी सुरू केली: कुणाचं जाळं, कधी, कुठल्या खडपाजवळ, किती वाव गेलं. पहिली नोंद त्याच काकांची होती, ज्यांचं जाळं आम्ही कापलं होतं. आता जाळं हरवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो आणि पुढच्या सुकतीला आम्ही आणि मालक मिळून शोधायला जातो. अशी ताजी जाळी बहुतेक वेळा न कापता सुटतात.

तुमच्या गावात सुरुवात करताना वही आधी घ्या, हातमोजे नंतर. पुढची अमावास्या बघा, तिच्यानंतरची द्वितीया धरा आणि त्याआधीच्या आठवड्यात एक संध्याकाळ बंदरावर जाऊन बसा.